कोटंबे लेआउटातले शून्य गुन्हे

आमच्या कोटंबे लेआउटात सात महिन्यांत एकही चोरी झाली नाही. यवतमाळात इतरत्र होत असतील, आमच्याकडे वस्तू आपल्या पायानं निघून जातात. हरिसिंगच्या मोटारसायकलनं भर दुपारी स्वतःचं कुलूप उघडलं आणि ती आर्णी रोडनं चालती झाली. रत्नप्रभाबाईंच्या गळ्यातली सोन्याची पोत उन्हात वितळली आणि वाफ होऊन उडाली. चौकीच्या फळ्यावर चोरी शून्य, घरफोडी शून्य, खून शून्य. मोठे साहेब येऊन चौकीला हार घालून गेले.

वस्तू अशा कागदावर पळवायचं काम माझं. मी चौकीसमोरच्या टपरीवर बसलेला असतो, आणि देवीलाल जमादाराला पंच लागला की तो मलाच हाक मारतो. चोरी लिहिली की आकडा वाढतो, 'गहाळ' लिहिलं की वाढत नाही. कशी गहाळ झाली ते मी सांगायचं, त्यानं लिहायचं, खाली माझी सही. लोक हसतात, दाखला घेतात, घरी जातात.

श्रावणात सत्यभामाचा पोरगा रोशन आला. त्याच्या ऑटोची बॅटरी गेली होती, लेआउटातली पाचवी. मी सांगितलं की ऑटो खड्ड्यात असा आदळला की बॅटरी उडून थेट कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला गेली. अख्खी चौकी हसली. देवीलालनं कागदावर 'खड्ड्यात पडून गहाळ' लिहिलं. रोशन हसला नाही.

"मीच धरून आणतो एखाद्याले," म्हणाला. "मंग लिहा."

त्यानं धरला. नाल्याच्या पुलावर, दुपारी चार वाजता, बॅटरी काढणाऱ्या एकाची कॉलर. त्याचे तीन साथीदार रॉड घेऊन आले. पुलाजवळच्या उकंडा दुकानदारानं किराण्याचं शटर अर्धं ओढून सगळं पाहिलं आणि फक्त मला सांगितलं. चौकीत यायला तो तयार नव्हता.

देवीलालनं पंच म्हणून मलाच बोलावलं. रोशन पालथा पडला होता, डोक्यामागं तीन खोका पडलेल्या. 'पाय घसरून पुलाखाली पडला' या ओळीखाली मी सही केली. अकस्मात मृत्यू. फळा तसाच राहिला.

आठ दिवसांनी सत्यभामा टपरीवर आली. पोराला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती.

"काकाजी, पडलेल्या माणसाले दगड तीन डाव लागते का?" तिनं विचारलं. "माह्या पोराले मारलं, एवढं लिहून द्या. बाकी काही नाही मांगत."

ती चौकीच्या पायरीवर बसली, मी आत गेलो. माझी सही खोटी आहे म्हणालो. देवीलालनं माझ्या जुन्या सह्यांचा गठ्ठाच काढला. एक खोटी तर सगळ्या खोट्या, आणि आत जाणारा पहिला तूच, असं त्यानं समजावलं. मी म्हटलं, तसंच लिही, पहिला गुन्हा माझाच लिही. तो हसायला लागला. शिपायाला हाक मारली.

"ऐक रे, डोमाजी आज काय फेकून राह्यला."

मी माझ्याच डोक्यावर बोटं ठेवून त्या तीन खोका दाखवल्या. दोघं आणखी हसले. हसता हसता देवीलालनं गठ्ठा कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

बाहेर आलो तशी सत्यभामा उठली. लिहिलं का, विचारलं. मला काही रचता आलं नाही. नाही म्हणालो.

ती पुन्हा पायरीवर बसली.

"मंग उद्या जाजा," म्हणाली. "मी बसली आहो इथंच."

तेव्हापासून रोज आत जातो. देवीलाल आता हसत नाही, आणि लिहीतही नाही.