फक्त नफ्याचे सौदे

माझ्या धाकट्या भावाने टेबलावर आपटलेल्या कागदांत वर्षभरातला एकही तोट्याचा सौदा नव्हता. लोकांचे आयकराचे रिटर्न भरून पोट भरणाऱ्या बाईला हे दाखवायचं, आणि तेही शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी, म्हणजे हद्दच झाली.

"शेअर बाजारात, तेही ऑप्शन्समध्ये, तू एकदाही हरला नाहीस?"

"जे विकले ते सगळे फायद्यात."

"आणि जे विकले नाहीत?"

"ते मुदत संपून आपोआप गेले. विकलेच नाहीत, तर दाखवायचं काय?"

मी कपाळावर हात मारला. ऑप्शन फायद्यात न येताच मुदत संपली, की तो घेताना मोजलेले पैसे शून्य होतात. तो तोटाच, आणि तो नफ्यातून वजा होतो. गेल्या वर्षीही या पोराला हे घसा कोरडा होईतो सांगितलं होतं. पोर कसलं, चाळिशीचा घोडा.

ब्रोकरचं खातं त्याच्याकडून उघडून घेतलं. सगळे सौदे छापता छापता प्रिंटरमधला कागद संपला. बेरीज केली. नफा कुठला, घरातली निम्मी बचत उडाली होती.

"एक पैसाही कर लागत नाही तुला," मी म्हणाले. "उलट हा तोटा पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वजा करता येईल."

"नको. मी आणलंय तेवढंच भर. लागू दे कर."

कर चुकवायला आलेले खंडीभर पाहिलेत मी. जास्त कर भरू दे म्हणून हट्ट धरणारा हा पहिलाच, आणि तो नेमका माझ्याच आईच्या पोटी जन्मावा.

"का पण?"

"ती रिटर्न बघते. तिला म्हटलंय, माझं छान चाललंय, सोड ती नोकरी. आज कामाची पाळी संपली की राजीनामा देणार आहे."

माझी भावजय इस्पितळाच्या लाँड्रीत काम करते. ओल्या चादरी उचलून उचलून तिची कंबर गेलीय. ती सुटावी असं मलाही फार वाटायचं. पण घर तिच्याच पगारावर चाललंय, हे आता समोर छापलेलं होतं.

"फोन लाव तिला. आत्ताच्या आत्ता."

त्याने स्पीकरवर लावला. घसा खाकरला. "अगं, राजीनामा देऊ नकोस इतक्यात. म्हणजे, ताई म्हणतेय, अजून वर्षभर थांब."

मी डोळे वटारले.

"ताई म्हणतायत?" पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. "एक दिवस येऊन उचला म्हणावं या चादरी."

भावाने माझ्यापुढे हात जोडले. गप्प बसले असते तर नोकरी वाचली असती आणि याची अब्रूही, वाईट ठरले असते ती फक्त मी. पण इतका संताप झाला होता की मी फोन ओढूनच घेतला.

"अगं, मी काही म्हणत नाहीये. याचे पैसे बुडालेत. त्याने तुला सांगितलेलं नाही."

"किती, ताई?"

मी आकडा सांगितला.

"मग आज पुढची पाळीपण करते," ती म्हणाली. "त्याला सांगा, माझ्यासाठी थांबू नको, जेवून घे."