यांच्या नावाचा ओटीपी

हे गेले त्याला चार महिने झाले, तरी यांचा फोन मी बंद केला नव्हता. रोज सकाळी दहाला त्यावर सहा आकडे यायचे आणि पाठोपाठ यांच्या ऑफिसातल्या सौरभचा कॉल, काकू, ओटीपी सांगता? मी सांगायचे.

हे अंधेरीच्या एका लिफ्ट तपासणाऱ्या कंपनीत होते. शेवटची वर्षं लिफ्ट बघून आले की मुलुंडला घरूनच रिपोर्ट पास करत, व्हीपीएनवरून. इंटरनेटच्या गर्दीतून ऑफिसपर्यंत आपला खासगी रस्ता, असं त्यांनी मला समजावलं होतं. दारात नाव सांगायचं, फोनवर आलेले आकडे टाकायचे, मग आत. जुन्या फायली काढायला यांचं नाव चालू ठेवलंय, असं सौरभ म्हणाला होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. हे कामावरच गेलेत असं वाटायचं.

गेल्या सोमवारी आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये नवा दाखला लागला. लिफ्ट सुरक्षित. तपासणी व मंजुरी: श्यामकांत परब. यांचं नाव, आणि तारीख मागच्या आठवड्याची. कोणी तपासायला आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं, आणि तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने नेहमीचा गचका दिलाच. माझं डोकं फिरलं. मेलेल्या माणसाला कामाला जुंपलं होतं आणि दार रोज मी उघडून देत होते.

दुसऱ्या दिवशी सौरभला म्हटलं, आकडे आलेत, देणार नाही. तो गयावया करू लागला. मग त्याचे साहेब लाइनवर आले. पास करायचा अधिकार फक्त यांच्याच नावाला आहे, नवा माणूस मिळेपर्यंतच, चाळीस सोसायट्या अडकल्यात, असं बरंच काही. शेवटी म्हणाले, "वनमालावहिनी, सहा आकडेच तर मागतोय."

"ह्यांनी न बघितलेली लिफ्ट कधी पास केली नाही. मेल्यावर तर नाहीच करणार. तुमचं नाव घाला."

साहेबांनी फोन ठेवला. स्वतःचं नाव घालायची तयारी नव्हती.

मी यांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स काढून लिफ्टमध्ये त्या दाखल्याशेजारी चिकटवली. संध्याकाळी सेक्रेटरीने लिफ्ट बंद केली. सगळी बिल्डिंग माझ्यावर उखडली. समोरच्या फ्लॅटमधल्या उत्तराने विचारलं, सातवा मजला, त्यात तुमचे गुडघे, काय मिळवलंत काकू?

सकाळी भाजीची पिशवी घेऊन मी जिना चढते. चौथ्या मजल्यावर दम लागतो, तिथे पायरीवर बसते. दहाला पिशवीतला यांचा फोन वाजतो. अजून विचारून बघतात. मी कॉल घेते, नाही म्हणते, आणि उरलेले तीन मजले चढते.