कारंज्यावरचे पेशंट

"ताई, मी कारंज्यापाशी उभी आहे. इथे कुठला आलाय पेशंट? नुसती कबुतरं आहेत!" नर्स फोनवर करवादली.

ताईंनी कपाळावर हात मारला. पुन्हा कारंजंच! घरोघरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या नर्सेसचं हे केंद्र. ऑफिस ताई सांभाळायच्या. पत्ता दिला की त्याचे अक्षांश-रेखांश शोधून नकाशावर ठिपका टाकणारी छोटीशी कॉम्प्युटर स्क्रिप्ट त्यांनीच खटपट करून लिहिली होती. पण एखादा पत्ता सापडला नाही, की ती मुकाट्याने गावाचा मध्य देऊन मोकळी व्हायची. आणि मध्यावर होतं कारंजं.

ताई तडक केंद्रप्रमुखांच्या केबिनमध्ये गेल्या. "साहेब, नकाशा थांबवा. बरेच ठिपके खोटे आहेत."

"एकही पेशंट ठिपक्यावाचून राहिला नाही ना? मग झालं तर! मी वर पाठवूनसुद्धा दिला."

ताई चडफडत जागेवर आल्या. नर्सला न सापडलेल्या पेशंटचा पत्ता होता, 'टाकीमागची गल्ली, शेवटचं घर'. त्यांनी गल्ली आधी लिहून पाहिली, टाकी गाळून पाहिली. कारंजं. परत कारंजं. त्या पेशंटच्या नावापुढे 'घरी नाही' असा शेरा आधीच दोनदा पडला होता. आज तिसरा पडला की नाव यादीतून आपोआप कमी होणार. शेवटी त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली.

टाकी कधीच पाडलेली. विचारत, चुकत, वैतागत त्या पोचल्या, तर दारातच आजोबा बसलेले. अंगात इस्त्रीचा शर्ट, पट्टी बांधलेला पाय स्टुलावर.

"नर्सबाई का?"

"नाही आजोबा, मी ऑफिसातली. तुम्ही घरी नव्हतात म्हणे?"

"या पायानं कुठं जाणार, पोरी? रोज दार सताड उघडं टाकून बसतो."

उंबऱ्यात उभं राहून ताईंनी मोबाइलवरून ती जागा नर्सला पाठवली. नर्स धापा टाकत आली, बडबड करत पट्टी सोडू लागली. आतली जखम पार चिघळली होती.

"ताई, गाडी बोलवा," ती हळूच म्हणाली. "हॉस्पिटलात न्यावं लागेल."

गाडी आली. ताईंनी दाराला कुलूप लावून किल्ली आजोबांच्या हाती दिली. स्ट्रेचरवरून मान वळवून ते बंद दाराकडे पाहत राहिले.

"पोरी, एवढं करशील? ऑफिसात सांगून ठेव. आता घर बंद दिसेल. पण मी आहे म्हणावं."