गोड्या पाण्याची आंघोळ

माझं तोंड वाईट हाय, हे आधीच सांगून टाकते. सगळ्या रोह्याला ठाऊक हाय. धाटावच्या कंपन्यांतली पोरं शिफ्टला जाताना आमच्या टपरीवर उसवलेले सेफ्टी बूट, चेन तुटलेल्या बॅगा टाकून जातात आणि परत येताना घेऊन जातात. त्यातल्या कुणी "मावशी, झालं नाय अजून?" म्हटलं की मी त्याच्या सात पिढ्या बाहेर काढते. आमचे हे, पुंडलिक, माझ्या अगदी उलट. मान खाली, हातात दाभण. बोलायचं काम त्यांनी लग्नातच माझ्यावर सोपवलं.

तर हे एका दुपारी पेणहून सोलच्या शीटा घेऊन आले, पिशवी ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "हौसा, पेणला भंगारवाल्याकडं आपली मशीन हाय."

"कसली मशीन?"

"नम्रताची."

माझ्या हातातला बूट खाली पडला.

नम्रता आमची एकुलती एक पोर. माझ्या सासऱ्यांची चामडं शिवायची जुनी मशीन होती, हाताच्या चाकाची, पुढं लांब हात असलेली. त्या हातावर चप्पल चढवायची, चाक फिरवायचं, की जाड चामड्यातूनही सुई आरपार जायची. पोर त्या मशीनच्या खटखटीतच वाढली, आणि बापापेक्षा सरळ टाका घालायला लागली. पुढं धाटावला कंपनीत कामाला लागली. तिथं तिला मिथुन भेटला, पेणच्या खारेपाटातला, मिठागरवाल्यांचा पोरगा. ते आगरी, आम्ही चामड्यातली माणसं. दोन्हीकडं बोलणारी तोंडं होतीच, पण लग्न झालं. पोरीनं बापाकडं सोनंनाणं काय मागितलं नाय. मशीन मागितली.

दोन पावसाळे सुखाचे गेले असतील नसतील, तिसऱ्याला कावीळ झाली. पेणला हॉस्पिटलात नेईपर्यंत डोक्यात चढली होती. आम्ही पोचलो तेव्हा नुसतं तोंड बघायला मिळालं. तेरावं झालं आणि मी त्या घराकडं पाठ केली ती केलीच. भांडण काय झालं नव्हतं. पण माझी पोर त्या घरात कुणाला हवी होती का नव्हती, हे मला कधी कळलं नाय. चांभाराची म्हणून तिला चुलीपासून लांब ठेवली होती का? दुखणं अंगावर काढू दिलं का? कावीळ कुणाच्या हातात नसते, हे डोक्याला कळतं. पोटाला कळत नाय. वर्षानुवर्षं मी तो एकच प्रश्न पोटात घेऊन फिरत होते, आणि आता ऐकते काय, तर तिची मशीन भंगारात!

"नक्की तीच?" मी विचारलं.

"चाकाची मूठ बाभळीची हाय. मीच बसवलेली." मग म्हणाले, "घेऊया गो. डिझेलात ठेवीन. सोडवीन मी तिला."

दुसऱ्या दिवशी टपरी बंद ठेवून आम्ही एसटीनं पेणला गेलो. भंगारवाल्यानं पंख्याच्या पात्यांखालून, फुटक्या मोटारींच्या मागून मशीन ओढून काढली. देवा! वरपासून खालपर्यंत लाल. काळा रंग, सोनेरी नक्षी, कशाचा पत्ता नाय. चाक हलेना. हे पुढं झाले, दोन्ही हातांनी मुठीला जोर लावला, तरी तसूभर सरकलं नाय. मी नुसतं बोट फिरवलं तर बोटाला लालभडक पूड लागली, ती पदराला पुसली.

"अशीच आली का?" मी विचारलं.

"गोणपाटात बांधलेली होती," भंगारवाला म्हणाला. "ते काय, पडलंय बाजूला."

गोणपाट उचललं. नाकाशी न्यायचीही गरज नव्हती, हातालाच चिकट लागलं. मिठाची गोणी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघितलंत? लोखंडाची वस्तू मिठाच्या गोणीत घातली! मिठागरात जन्म गेला त्यांचा, त्यांना ठाऊक नाय मीठ लोखंडाचं काय करतं ते? माझ्या पोरीच्या वस्तूची ही किंमत!"

"हौसा, हळू बोल."

"का हळू बोलू? तुमच्या वाटणीचंपण मलाच बोलायचंय."

भंगारवाला कंटाळला. "घेताय का नाय ते सांगा. टेम्पो भरायचाय आज. नाय तर हीबी जाईल वितळायला."

"घेतो," हे म्हणाले.

"घ्यायची नाय," मी म्हटलं. "घरात आणून रोज काय बघू मी? त्यांनी माझ्या पोरीला कशी ठेवली ते? तुम्ही इथंच बसा, टेम्पोत टाकू देऊ नका. आधी मी त्या बाईला विचारून येते. मग ठरवू."

"नको जाऊ गो," हे म्हणाले. पण मी ऐकते होय! सुंभ जळला तरी पीळ जात नाय, तशी माझी जात. स्टँडाबाहेर रिक्षात बसले आणि खारेपाटाची वाट धरली.

वाटेत दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढरे ढीग, वर ताडपत्र्या. सीताबाईला, म्हणजे माझ्या विहिणीला, काय काय बोलायचं ते मी मनात घोकत होते. शब्द निवडून निवडून ठेवले होते. एकेक असा की बाईनं जन्मभर विसरू नये.

गावात शिरले तर घरच ओळखेना. जुनं कौलारू घर पाडलेलं, घरकुलाच्या विटांच्या भिंती खांद्याएवढ्या आलेल्या, आणि बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये संसार. शेडच्या तोंडाशी एक पोटुशी पोरगी तांदूळ निवडत बसलेली. मिथुननं दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं होतं. ती ही, मनस्वी. मला बघून उठायला गेली, तर तिच्या गळ्यात काळ्या पोतीबरोबर चांदीचा टाक हलला. दुसरी बायको पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालते, तशी रीत हाय. माझ्या पोरीच्या नावाचा टाक होता तो. मी दुसरीकडं बघितलं.

"आत्या," तिनं हाक मारली, "रोह्याच्या आल्यात."

सीताबाई आतून आली. किती म्हातारी झालेली! मिठाच्या उन्हानं कातडी करपलेली, डोळे पाणावलेले. मी तोंड उघडणार, एवढ्यात तिनं माझे दोन्ही हात धरले आणि हंबरडाच फोडला.

"इहीणबाय, मना मार गो, मना मार! तुझ्या लेकीची मशीन गेली गो!"

मी निवडून आणलेले शब्द तोंडातच राहिले.

मग एकेक कळत गेलं. घर पाडायला काढलं तेव्हा सीताबाई डोळ्याच्या ऑपरेशनला गेली होती. मिथुननं मोडकं लोखंड सगळं दारावरच्या भंगारवाल्याला देऊन टाकलं, त्यात हीपण गेली. "जाम झालेली, लाल झालेली, कशाला ठेवायची, म्हणला," सीताबाई सांगत होती. "मी आले, बघते तर तिची जागा रिकामी. दोन दिस अन्नाला शिवले नाय. पेणला जाऊन शोध म्हटलं, तर म्हणतो, आता वितळली असेल."

"जागा? कुठली जागा?" मी विचारलं.

"देवांच्या शेजारी." ती अशी म्हणाली जणू दुसरी कुठली असणारच नव्हती. "ती गेली तवापासून तिथंच. वर माळ्यावर कशी टाकू? तिचा जीव होता त्या मशीनीत. सांजच्याला खटखट चालायची, घर भरल्यासारखं वाटायचं. माज्या पायाला भेगा, तर मना मऊ चामड्याच्या सपाता शिवून दिल्या पोरीनं. अजून हायत."

चपला शिवायची मशीन, आणि आगरी घरातल्या देवांच्या शेजारी! मी खाली बसले.

"मग गोणीत का घातली होती?" मी विचारलं.

"वारा लागू नये म्हणून गो. आमच्याकडचा वारा खारा, खिळा टिकत नाय. म्हणून गोणी धुतली, सुकवली, आणि तिला गुंडाळून ठेवली. दसऱ्याला तेवढी सोडायची. तुमच्यात मशीनीची पूजा करतात ना? नम्रता करायची, मी बघायची. पण ती कशी करायची ते मना नीट ठावं नव्हतं. मग मी आपली देवाला घालतात तशी आंघोळ घालायची. खाडीच्या पाण्यानं नाय हां! टँकरचं गोडं पाणी. प्यायच्या हंड्यातलं तांब्याभर बाजूला काढून ठेवायची तिच्यासाठी. आंघोळ घालायची, हळदकुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची आणि परत गुंडाळून ठेवायची."

मनस्वी मध्येच म्हणाली, "गेल्या दसऱ्याला पाण्याचे हाल होते, तरी मला हात लावू दिला नाय त्या तांब्याला."

मी ऐकत होते आणि डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं. आम्ही दसऱ्याला मशीन तेलाच्या फडक्यानं पुसतो. पाण्याचा थेंब लागू देत नाय. या बाईनं दर साली तिला नखशिखांत न्हाऊ घातली आणि ओलीच मिठाच्या गोणीत बांधली. गोणी किती का धुवा, तिच्या दोऱ्यादोऱ्यात मीठ असतं.

आणि मग सीताबाईनं ते विचारलंच. "इहीणबाय, तुम्ही मशीनवाली माणसं. मना एक सांग. एवढं जपूनबी ती दर साली लाल लालच का होत गेली गो? माजं काय चुकलं?"

रोह्यात कुणालाही विचारा, हौसा खरं बोलताना आईबापाची भीड ठेवत नाय. ओठावर आलं होतं. तिच्या करपलेल्या तोंडाकडं बघितलं आणि गिळलं.

"काय चुकलं नाय गो तुझं," मी म्हटलं. "माझ्या सासऱ्यांच्या वेळची ती. लोखंडालापण वय होतं. तू ठेवलीस म्हणून एवढी टिकली."

ती हुंदके देत माझ्या खांद्यावर पडली. मग मीपण रडले. तेराव्याला रडायचं राहून गेलं होतं ते सगळं रडले. वितळली नाय, पेणलाच हाय, आम्ही घेतोय, असं सांगितलं तेव्हा तिनं मला खारवलेले आंबे, सुकट, शेडमध्ये होतं नव्हतं ते सगळं बांधून दिलं.

पेणला परत आले तर हे मशीनवर हात ठेवून तसेच बसलेले. चहापण घेतलेला नाय. मला बघून उठले.

"घ्या," मी म्हटलं. "उचला."

एसटीत कंडक्टर कुरकुरला, पण त्याला मी बघून घेतलं. वडखळ गेल्यावर यांना सगळं सांगितलं. देवांच्या शेजारची जागा, हंड्यातला तांब्या, सगळं. मग त्यांनी चाकाच्या खाचेत बोट घातलं, बाहेर काढलं, अंगठ्यावर चोळून बघितलं.

"हा सगळा गंज नाय गो," म्हणाले. "ह्यात कुंकूपण हाय."

सकाळी मी तीच पूड बोटाला लागली म्हणून पदराला पुसली होती आणि शिव्या घातल्या होत्या. पदराकडं बघितलं, लाल डाग तसाच होता. एसटीत माणसं होती म्हणून तोंडाला तोच पदर लावून बसले.

पुढचे महिने यांनी त्या मशीनमागं घालवले. डिझेल, तेल, दाताचे ब्रश, सायकलचे आरे. टपरीवरची पोरं म्हणायची, काका, असली मशीन आता कोण वापरतं, मोटरवाली घ्या. हे नुसते हसायचे. चाक आधी केसभर हललं, मग पाव, मग एक दिवस पूर्ण फिरलं. पण सुईचा दांडा आतून खाल्लेला निघाला, आणि तो भाग कुठं मिळेना. टाका पडणार नाय, हे दोघांना कळलं. तेवढी खटखट मात्र यायला लागली. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी आत जाऊन चुलीपाशी उभी राहिले.

दसऱ्याला सकाळीच यांनी मशीन तेलानं पुसून पाटावर मांडली. मी माळ ओवत होते. एवढ्यात दारात सीताबाई उभी. मिथुन रिक्षातून सोडून गेला होता. पायात त्या मऊ सपाता, कडेनं झिजलेल्या, आणि हातात पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची बाटली, पदरात गुंडाळलेली.

"गोडं पाणी आणलंय," म्हणाली. "तिच्या आंघोळीला."

घर आमचं कुंडलिकेच्या काठावर, नळ उघडला की पाणी. आणि ही बाई तहानेल्या गावातून बाटली भरून घेऊन आलेली.

मी यांच्याकडं बघितलं. हातात तेलाचं फडकं, समोर महिन्यांची मेहनत. आता बोलले तर हेच बोलतील, मी बोलणार नाय, असं ठरवलं. हे उठले आणि त्यांनी सीताबाईसाठी पाट सरकवला.

तिनं बाटली उघडली आणि धार धरली. चाकावर, मुठीवर, सगळीकडं. हळूहळू, लहान पोराला न्हाऊ घालतात तशी, एका हातानं चोळत. पाणी सांध्यासांध्यात उतरलं. मग हळदकुंकू लावलं, माळ घातली. हात जोडून म्हणाली, "फिरवा की जरा." यांनी चाक फिरवलं. खट, खट, खट. सीताबाई डोळे मिटून ऐकत राहिली.

दुपारी जेवून ती गेली. आम्ही दोघं पाटाशी बसलो. मी एक फडकं घेतलं, यांनी एक. जेवणं होईपर्यंत पाण्यानं काम सुरू केलं होतं. खाचांच्या कडेला लाली धरलीच होती, आणि ती कुंकवाची नव्हती.

"सांगूया का तिला?" मी विचारलं. "पुढच्या सालीपण आणील ती पाणी."

हे पुसत राहिले. मुठीशी आले, तिथलं कुंकू तेवढं सोडून बाकीचं पुसलं.

"आणू दे," म्हणाले. "गंजू दे गो. काढायला मी हाय ना."