उंबरठ्याबाहेरचं एक पाऊल

मी उंबरठा. तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून उजव्या हाताला. उंबरठ्याने तोंड उघडू नये हे मला मान्य आहे. उघडायचं काम दाराचं, माझं काम गप्प पडून राहायचं. पण अकरा महिन्यांपूर्वी माझ्यावरून एक पाऊल बाहेर पडलं, त्याबद्दल पोलिसांच्या वहीत एक वाक्य लिहिलंय आणि ते वाक्य खोटं आहे. ते माझ्या मनातून जात नाही, म्हणून बोलतोय.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवलं. बिल्डर त्याला म्हणाला होता, "कशाला हवाय उंबरठा? लोकांचे पाय अडकतात." सुतार रंधा मारता मारता म्हणाला, "अहो, घर कुठे सुरू होतं ते पायाला कळायला नको?" आणि चार स्क्रूंच्या जागी त्याने सहा मारले. तेव्हापासून मी जागचा हललेलो नाही.

माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. घरात तासभर बसून त्यांना जे सुचत नाही, ते निघताना माझ्यावर उभं राहिलं की सुचतं. "बरं, येते मी," असं म्हटल्यावर पुढे पाऊण तास जातो. पाहुणे, शेजारणी, मीटर बघायला येणारा, सगळे तसलेच. माझ्या मधोमध जो खळगा पडलाय तो अशा निरोपांचाच आहे आणि मला त्याचा कधी राग आला नाही.

या घरात भाऊ-बहीण राहतात. ताई पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारी लिहून घेते. दिवसभर लोकांचं ऐकते आणि घरी येऊन भावाचं ऐकते. भावाला सगळे बाइंडर म्हणतात. पुढच्या खोलीत त्याचं काम चालतं. खळीचं भांडं, दोरा, सुया, पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस आणि कागद कापायची लांब सुरी. फाटकी पुस्तकं येतात आणि नवी होऊन जातात. हात असा, की शिवण शोधूनही सापडत नाही.

त्याला एक आजार आहे. दोन-तीन वर्षांतून एकदा त्याची झोप उडते. मग त्याला वाटू लागतं की कोणीतरी पुस्तकांतली पानं पुढेमागे करतंय. गोळ्या बंद करतो आणि स्वतःच बांधलेली पुस्तकं उसवत बसतो. एरवी ताई समजावून त्याला दवाखान्यात न्यायची. त्या खेपेला मात्र त्याने तिलाच बाहेर ठेवून आतून कडी लावली. पाच दिवस झोप नाही, दोन दिवस पोटात अन्न नाही, आणि आत सुरी. ताईने जिन्यात उभं राहून दवाखान्यात फोन लावला.

"पेशंटला घेऊन या," ते म्हणाले.

"तो येत असता तर फोन कशाला केला असता?"

"मग पोलिसांना बोलवा."

सकाळी अकराच्या सुमाराला दोघं आले. एक हवालदार, निवृत्तीला टेकलेला, आणि एक तरुण पोलीसबाई. दोघं बूट न वाजवता जिना चढले, हे मला आवडलं. आतला माणूस बिथरू नये म्हणून हवालदाराने टोपी काढून काखेत धरली होती.

त्याने ताईला नियम समजावला, तो मीही ऐकला.

"ताई, तो त्याच्या घरात आहे तोवर आमचे हात बांधलेले. पुस्तकं फाडतोय, कुणाला काही करत नाहीये. जिवावर बेतलंय असं दिसलं तर दार तोडता येतं. नाहीतर कोर्टाचा कागद लागतो, आणि तो उद्या संध्याकाळच्या आत काही यायचा नाही."

"आणि तोवर?"

"बाहेर असता तर प्रश्नच नव्हता. जिन्यात, रस्त्यावर, कुठेही. माणूस भानावर नाही असं दिसलं की आम्हाला त्याला थेट दवाखान्यात नेता येतं."

"बाहेर म्हणजे कुठे?"

हवालदाराने माझ्याकडे बोट दाखवलं. "याच्या अलीकडे."

तोवर मी स्वतःला लाकडाचा तुकडा समजत होतो. त्या दिवशी कळलं की माझ्या चार बोटांच्या रुंदीत एका माणसाचा हक्क संपतो आणि पोलिसांचा सुरू होतो. एवढं ओझं माझ्यावर कुणी आणि कधी टाकलं, देव जाणे.

पोलीसबाईने घाई केली नाही. ती दाराबाहेर फरशीवर मांडी घालून बसली. "मी पोलिसांतून आलेय," ती दाराला म्हणाली. "तुम्हाला बरं आहे का बघायला. दार उघडा म्हणणार नाही. मी बसलेय इथे." मग ती खरंच नुसती बसली. दहा मिनिटांनी म्हणाली, "माझी ड्युटीची वही पार सुटलीय हो. शिवून मिळेल का?"

मग कडी वाजली. दार वीतभर उघडलं, एक हात बाहेर आला आणि वही आत गेली.

"हिला स्टेपल कुणी मारलेत?" आतून रागाचा आवाज आला.

"मीच."

"वहीला स्टेपल मारतात का कधी?"

"चुकलंच माझं."

दार अर्धं उघडलं. तो आत बसला, ती बाहेर, मध्ये मी. वही शिवता शिवता तो बोलायला लागला. झोप येत नाही म्हणाला. भीती वाटते म्हणाला. शिवण झाली, त्याने वहीच्या पाठीला खळ लावली आणि मान वर न करता म्हणाला, "जाईन मी डॉक्टरकडे. खळ वाळू दे. ताई बरोबर असेल तर जाईन."

"वाळू दे," पोलीसबाई म्हणाली. "मी थांबते."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण हवालदार आणि ताई मघाशीच खाली, जिन्याच्या वळणावर जाऊन उभे राहिले होते. त्यांच्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही. पोलीसबाई उठून सांगायला गेली असती, तर तो पुन्हा कडी लावेल अशी तिला भीती वाटली असावी. ती उठली नाही.

खाली दबक्या आवाजात वेगळंच बोलणं चाललं होतं; जिन्यातली कुजबुजही मला लाकडातून ऐकू येते. हवालदार वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. तो ताईला सांगत होता, की चार वर्षांपूर्वी असंच एक बंद दार होतं आणि तो असाच कागदाची वाट बघत बसला होता. कागद आला तेव्हा आतला माणूस राहिला नव्हता.

"मला पुन्हा ते नको, ताई. तुम्ही एक हाक मारा. तुमच्या हाकेला तो येईल."

"काय म्हणू?"

"काहीही म्हणा. एक पाऊल बाहेर आला की झालं."

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. अहो थांबा, तो येतोच आहे, फक्त खळ वाळायची राहिलीय!

"अरे, ये ना बाहेर!" ताईचा आवाज आला. "मला चक्कर येतेय रे!"

त्याने वही पोलीसबाईच्या मांडीवर टाकली आणि अनवाणी धावला. माझ्यावर त्याचा पाय पुरता टेकलासुद्धा नाही. "ताई!" म्हणत तो खाली उतरला, आणि वळणावर हवालदाराने त्याचा दंड धरला.

बाकी सगळं अगदी नियमाला धरून झालं. बेड्या घातल्या नाहीत. कुठे नेतोय, का नेतोय, डॉक्टर आजच्या आज तपासतील, हे त्याला नीट सांगितलं. वर दाराशी आणून चपला घालू दिल्या. ताईला बरोबर घेतलं. त्याने झटापट केली नाही. तो फक्त ताईकडे बघत होता, आणि ताई त्याच्याकडे सोडून सगळीकडे बघत होती.

पोलीसबाईने त्याच ओल्या खळीच्या वहीत लिहिलं. लिहिताना तिचे ओठ हलत होते म्हणून मला कळलं. 'सदर इसम इमारतीच्या जिन्यात अस्वस्थ अवस्थेत आढळून आला.' आढळून आला! हरवलेलं पाकीट आढळून येतं. हा माणूस बहिणीला सावरायला धावला होता. लिहून झाल्यावर ती हवालदाराला हळूच म्हणाली, "ते आपणहून यायला तयार झाले होते." हवालदार टोपी काखेतच ठेवून जिना उतरला.

तीन आठवड्यांनी बाइंडर परत आला. त्याला गुण आला होता, हे मी लपवणार नाही. त्या दिवशी नेलं म्हणून तो वाचला असं ताई म्हणते, आणि ते खरंही असेल. तो झोपतो, जेवतो, पुस्तकं शिवतो. पण मला ओलांडत नाही. पुस्तकं घ्यायची तर हात लांब करून घेतो. महिन्याचं इंजेक्शन द्यायला नर्स घरी येते. पोलीसबाई एकदा साध्या कपड्यांत आली होती, माफी मागायला. "तिथूनच बोला," तो म्हणाला. ती बोलली, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

गेल्या मंगळवारी ताई ऑफिसातून येताना त्याच वळणावर घसरली.

"अरे, ये ना बाहेर! पाय गेला माझा!"

तो दारात आला. वळणामुळे ती दिसत नव्हती.

"खाली कोण कोण आहे?"

"कोणी नाही रे! मी एकटीच आहे!"

त्याच्या पायाची बोटं माझ्यावर आली. दवाखान्यातून परत आल्यापासून पहिल्यांदाच. घामाने भिजलेली होती. मी मनात म्हणत होतो, जा रे बाबा, आज खरंच कोणी नाही, जा. माझं मनातलं म्हणणं कुणाला ऐकू जाणार? बोटं मागे गेली.

ताई हातांवर भार देत, बसून बसून, नऊ पायऱ्या चढून आली. तिने माझ्यावरून आत हात टाकला मात्र, त्याने तिला लहान मुलीसारखं उचलून घेतलं. पुस्तकांच्या पाठीला लावायच्या कापडाने त्याने तिचा पाय बांधला, इतका हळुवार, की तिला हूं की चूं करावं लागलं नाही. त्याचे डोळे वाहत होते.

पोलीसदादांनो, पोलीसताईंनो, तुम्हाला कायदा शिकवायची माझी लायकी नाही. तुमची भीतीही मी ऐकली आहे. पण पुन्हा असं एखादं दार लागलं, तर वर काय बोलणं चाललंय ते खालच्याने आधी विचारावं. आणि घरच्या माणसाची हाक वापरू नका. ती त्यांना पुढेही लागते.

दिवे लागायच्या सुमाराला, बांधलेला पाय उशीवर ठेवून ताईने विचारलं, "माझा आवाज ओळखला नाहीस का रे?"

"ओळखला," तो म्हणाला. "म्हणूनच नाही आलो."