आठ पसे ओट्स

मापसाहेब हे नाव त्यांना बाजारातल्या दुकानदारांनी ठेवलं होतं, आणि ते काही प्रेमाने ठेवलेलं नव्हतं. वजनमापांच्या तपासणीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. दुकानात शिरले की आधी काट्याकडे बघायचे, मग दुकानदाराकडे. घासून हलकं झालेलं वजन त्यांना नुसतं हातात घेतलं तरी कळायचं आणि ते जप्त करताना त्यांनी कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही.

घरात मात्र त्यांचं काही चालत नसे. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी बायकोसाठी शिक्का मारलेल्या मापांचा अख्खा संच आणला, लहान चमच्यापासून लिटरच्या मापापर्यंत. बरोबर एक छोटा काटाही. तिने तो कौतुकाने पाहिला, पुसला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. "माझे हात आहेत की," म्हणाली. विषय संपला.

त्याच हातांनी ती दर शनिवारी सकाळी ग्रॅनोला करायची. ओट्स, बदाम, सूर्यफुलाच्या बिया, मध, तेल, चिमूटभर मीठ, मंद ओव्हन. तीस वर्षं साहेबांनी रोज सकाळी तो दुधात घालून खाल्ला आणि तीस वर्षांत तो करताना एकदाही धड पाहिला नाही. ट्रे बाहेर निघाला की मात्र न बोलावता हजर व्हायचे. गार होईपर्यंत तो हलवायचा नसतो, नाहीतर त्याचे छान खडे होत नाहीत, हे ती दर वेळी सांगायची. दर वेळी ते कोपऱ्यातला एक गरम तुकडा मोडून तोंडात टाकायचे, आणि दर वेळी त्यांच्या हातावर लाकडी चमचा बसायचा. एवढा बाजार ज्याला वचकून होता, तो माणूस घरी चमच्याचा मार खायचा आणि हसायचा.

दोन महिन्यांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ तिचा पलंग लावला. सुरुवातीला ती चमचा चमचा खायची. मग अर्धा चमचा. गेल्या आठवड्यापासून चमचा जवळ आला की ओठ मिटून घ्यायची आणि खिडकीबाहेर बघायची.

गुरुवारी डॉक्टरीणबाई आल्या. गिळता येतंय, पण खात नाहीये, असं म्हणाल्या. सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी नको असेल तर पुढे काय, तेही त्यांनी सांगितलं, हळू आवाजात पण आडपडदा न ठेवता. "ठरवायचं तुम्हाला आहे," म्हणाल्या.

ठरवायचं असं काही उरलेलंच नव्हतं. तिची आई गेली ती सात आठवडे नळीवर राहून. नळी उपटू नये म्हणून म्हातारीचे दोन्ही हात पलंगाला पट्टीने बांधून ठेवले होते. तिथून घरी परतताना बायकोने साहेबांना रस्त्यात थांबवलं होतं आणि त्यांच्या तोंडून कबूल करून घेतलं होतं. मला कधीही नळी नाही. साहेब हो म्हणाले होते. माणूस चालता बोलता असतो तेव्हा हो म्हणायला काय जातं.

डॉक्टरीणबाईंना त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. त्याऐवजी विचारलं, तिचा ग्रॅनोला दुधात भिजवून, मऊ कुस्करून दिला तर चालेल का? बाई म्हणाल्या, आवडीचं काहीही द्या. साहेबांनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. खाल्लं तर नळीचा प्रश्न नाही, आणि नळीचा प्रश्न नाही तर दिलेल्या शब्दाचाही नाही. एवढा सरळ हिशेब.

फडताळाच्या दाराला आतून तिच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. लेक पहिल्यांदा घर सोडून निघाली तेव्हा तिच्यासाठी लिहिलेली, ती न्यायची विसरली म्हणून तशीच राहिलेली. आठ पसे ओट्स. दोन मुठी बदाम. एक मूठ बिया. मध पाच मोठे चमचे, तेल तीन. दर दहा मिनिटांनी हलवणे. आणि शेवटी, खाली दोन रेघा ओढून: गार होईपर्यंत कोणीही हात लावायचा नाही.

आठ पसे! साहेबांनी कपाळाला हात लावला. आयुष्यभर ज्या प्रकाराविरुद्ध झगडलो तो आपल्याच फडताळात निघावा. पण दुसरा इलाज नव्हता. शुक्रवारी सकाळी त्यांनी आपला तळवा खोलगट करून आठ वेळा ओट्स घेतले. मध आणि तेल चिठ्ठीप्रमाणे. तासाभराने ट्रेमध्ये जे आलं ते नुसते भाजलेले ओट्स होते, कोरडे ठणठणीत, एकाला एक न चिकटलेले. दुधात भिजवून चमचा नेला. तिने ओठ मिटले.

चूक त्यांच्या लगेच लक्षात आली, आणि लक्षात आल्याचा त्यांना जरा अभिमानही वाटला. मधाचा चमचा तोच होता, पण पसा त्यांचा होता. माप तिच्या हाताचं हवं. त्यांनी वरच्या फळीवरचा काटा काढला, ओट्सचा डबा घेतला आणि पलंगाशी बसले. "तुझा हात तपासायला आलोय. खात्याचा माणूस आहे, घाबरू नकोस," म्हणाले. तिच्या तोंडाची डावी कड किंचित वर गेली.

तिचा डावा हात त्यांनी हातात घेतला, बोटं जुळवली, तळव्याला खोलगटपणा दिला आणि त्यात ओट्स ओतले. ते बोटांच्या फटींतून चादरीवर गळायला लागले. फटी बंद करायला त्यांनी खालून आपला हात धरला. मग ते ओट्स वाटीत घेऊन काट्यावर ठेवले. चोवीस ग्रॅम. त्यांनी काटा शून्यावर आणून पुन्हा मोजलं. चोवीसच. मग स्वतःचा पसा मोजला, तो पन्नास भरला.

चोवीस आठे एकशे ब्याण्णव. तेवढे ओट्स घेऊन दुपारी दुसरा घाणा केला. तो मधात नुसता बुडाला. ट्रेला चिकटून बसला, चमच्याने खरवडावा लागला. एवढं गोड तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. साहेब ओट्याशी खरवडत उभे राहिले आणि खरवडता खरवडता त्यांचा हात थांबला. चिठ्ठी चुकलेली नव्हती. काटाही चुकलेला नव्हता. चिठ्ठी लिहिणारा हात आता राहिला नव्हता. रोज ते तो हात पुसत होते, त्याला मलम लावत होते, धरून बसत होते, आणि त्यातून किती गेलंय हे त्यांना काट्यावर घातल्याशिवाय दिसलं नव्हतं. घासलेलं वजन नुसत्या स्पर्शाने ओळखणारा माणूस! त्यांना स्वतःची लाज वाटली. नळ सोडून ते तसेच रडले.

शनिवारी सकाळी लेक आली. ती सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात बस चालवायची. आठवडाभराची रजा टाकून आली होती. आल्या आल्या आईच्या गालाला गाल लावून बसली आणि मग स्वयंपाकघरात येऊन दोन फसलेले ट्रे बघितले. बापाने सगळं सांगितलं, काट्यासकट. फक्त दिलेल्या शब्दाचं सांगितलं नाही. लेकीने बाह्या वर केल्या आणि डब्यात हात घातला. ओट्स भरून वर आलेला तो हात पाहिला आणि साहेब एक पाऊल मागे सरले. अंगठ्याचं बाहेरच्या बाजूला वळणंसुद्धा तेच. त्यांनी न राहवून एक पसा मोजला. छत्तीस ग्रॅम.

या वेळी घर त्या वासाने भरलं. दर दहा मिनिटांनी ओव्हन उघडताना वास बाहेरच्या खोलीपर्यंत जात होता, आणि तिने खिडकीवरची नजर काढून स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली होती. ट्रे निघाला, गार झाला, त्याचे मोठमोठे खडे पडले. साहेबांनी वाटीत दूध घातलं, भिजू दिलं, कुस्करलं आणि चमचा नेला.

तिने तोंड उघडलं. एक चमचा. सावकाश गिळला. दुसरा. लेक दाराशी ओठ चावत उभी होती. तिसरा. चौथ्याला तिने डावा हात उचलला, साहेबांच्या मनगटाला लावला आणि चमचा त्यांच्याच तोंडाकडे वळवला. त्या हातात जोर काहीच नव्हता, पण नजर जुनीच होती, संच वरच्या फळीवर ठेवतानाची. साहेबांनी तो चमचा खाल्ला. चव तंतोतंत तीच होती. आता चव चुकली म्हणून खात नाही, असं स्वतःला सांगायची सोय राहिली नव्हती.

रविवारी त्यांनी तीनदा वाटी नेली. तीनदा तिने ओठ मिटले आणि एकदा त्यांचा गाल थोपटला.

संध्याकाळी लेक म्हणाली, उद्या नळी घालून घेऊ, थोडी ताकद आली की काढता येईल. ती समजुतीने बोलत होती आणि साहेबांना वाटलं, हो म्हणावं. लेक म्हणाली म्हणून झालं, आपल्या तोंडून नाही. एवढं सोपं होतं.

"नळी नाही घालायची," ते म्हणाले.

"बाबा, म्हणजे काय होईल कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. तिने तुझ्या आजीच्या वेळी मला विचारून ठेवलं होतं. मी हो म्हणालोय. चार दिवस झाले, ते कुणाला सांगावं लागू नये म्हणून मी ओट्स मोजत बसलोय."

लेक त्यांच्याजवळ येऊन बसली. मग तिने आपला हात त्यांच्या पाठीवर ठेवला, आणि त्या हाताच्या मापानेच त्यांचा बांध फुटला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंना साहेबांनी स्वतः सांगितलं. पलंगाशी उभं राहून सांगितलं, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. तिने डोळे मिटले आणि दीर्घ श्वास सोडला. नंतरचे नऊ दिवस ते तिचे ओठ ओल्या कापसाने टिपत राहिले आणि तिचा हात हातात धरून बसले. तो कुणी बांधला नव्हता. दहाव्या दिवशी दुपारी, खिडकीत ऊन असताना, ती गेली.

लेकीची रजा दोनदा वाढवून संपली. जाताना तिने चिठ्ठी न्यायची का विचारलं. साहेबांनी ती तिला दिली. त्यांना आता पाठ होती.

पुढच्या शनिवारी सकाळी त्यांनी ओव्हन लावला. ओट्स, बदाम, बिया, मध, तेल. ओट्स आपल्याच हाताने घेतले, आठ नाही, पावणेसहा पसे. तेवढा हिशेब त्यांना येत होता. दर दहा मिनिटांनी हलवलं. ट्रे काढून टेबलावर ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसले. कोपरा छान तांबूस झाला होता. लाकडी चमचा खिळ्याला टांगलेला होता. गार होईपर्यंत त्यांनी हात लावला नाही.