चकलीचं वजन आणि दह्याचा डबा

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. हसू नका, पण सध्या मी एका सापाच्या पदरी नोकरीला आहे.

माझ्या अंगात ना बॅटरी, ना दिवे. एका बाजूला तबक, मग तीन दांड्या, त्यांवर सरकणारी तीन वजनं आणि टोकाला काटा. वीस वर्षं मी टेक्सासमधल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मिठाच्या पुड्या जोखल्या. "हा कधी चुकत नाही," असं तिथले सर म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो. मग डिजिटल काटे आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना? ते नऊ दिवस काही केल्या संपेनात.

शेवटी २००४च्या ऑगस्टमध्ये मी फ्रिस्को गावातल्या एका गराज सेलच्या, म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या, टेबलावर जाऊन बसलो, फुटक्या दिव्याच्या शेजारी. तिथे दहा वर्षांची गिरिजा आली, सोबत तिचे बाबा. आल्याआल्या तिने माझ्या तबकात पाच सेंटची चार नाणी ठेवली. एक नाणं पाच ग्रॅमचं असतं, हे तिने वाचलं होतं. मी अगदी वीस दाखवले.

"बाबा, धिस इज द वन!" ती नाचायलाच लागली. अहो, किती वर्षांनी कुणीतरी माझी परीक्षा घेतली होती!

त्यांना एका सापाचं वजन करायचं होतं. बाबांनी आईला न विचारता गिरिजाच्या वाढदिवसाला नारिंगी रंगाचं कॉर्न स्नेकचं पिल्लू आणलं होतं. बिनविषारी, सत्तर ग्रॅमचं. सदा वेटोळं घालून बसायचं, म्हणून नाव चकली. आई खूप चिडली आणि मग तिने अट घातली, "दसऱ्यापर्यंत शंभर ग्रॅम झाली तर राहील. खंगली, तर दुकानात परत. माझ्या घरात उपाशी जीव नको." प्राण्यांच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला वजन करायला सांगितलं होतं. बाथरूममधल्या काट्यावर गिरिजा चकलीला घेऊन उभी राहिली, मग एकटीच उभी राहिली, तरी आकडा तोच! दुकानातला बारीक वजनाचा डिजिटल काटा साठ डॉलरचा होता. "सापाला साठ डॉलर? काही नको," असं आईने बजावलं होतं. मी तीन डॉलरला मिळालो.

माझी जागा गराजमध्ये. चकली तबकात थोडीच बसणार? म्हणून गिरिजाने दह्याचा एक रिकामा डबा घेतला आणि झाकणाला भोकं पाडली. झाकणासकट डबा चाळीस ग्रॅम भरला. तिने डब्याच्या बुडावर मार्करने लिहिलं, 'चकली ४०'. दर शनिवारी चकली डब्यात, डबा माझ्यावर, आणि आलेल्या आकड्यातून चाळीस वजा. चकली आत वळवळायची, माझा काटा डुलायचा आणि गिरिजा श्वास रोखून बघत बसायची. ऐंशी, अठ्ठ्याऐंशी, शहाण्णव! काय सुखाचे दिवस होते ते.

दसऱ्याच्या आदल्या शनिवारी मात्र घात झाला. वजन आलं सत्त्याऐंशी. नऊ ग्रॅम कमी!

"जुनाट आहे तो, बिघडला असेल," बाबा म्हणाले. मला फार लागलं ते. गिरिजाने धावत जाऊन चार नाणी आणली. मी अगदी वीस दाखवले. मी खरा ठरलो आणि त्याचंच मला वाईट वाटलं, कारण ती पोर चकलीला छातीशी धरून रडू लागली. मला सगळं कळत होतं हो! डबा तो नव्हताच. पण मला आकड्यांपलीकडे बोलता येतं कुठे?

दसऱ्याच्या दिवशी सकाळी शेजारच्या रत्नामावशी आल्या. हातात दह्याचा डबा, त्यात बेसनाचे लाडू.

"प्रतिमा, गेल्या आठवड्यात उसळ दिलीस ना, त्याचा डबा. रिकामा कसा परत करू?"

आईने लाडू काढून घेतले आणि डबा ओट्यावर उपडा ठेवला. बुडावरची अक्षरं वाचून गिरिजा केवढ्यांदा किंचाळली, मला गराजपर्यंत ऐकू आलं.

झालं असं होतं, बाबांनी मदत म्हणून सगळे डबे एकत्र घासून ठेवले. आईने त्यातलाच एक उसळ भरून, वर फॉइल लावून, मावशींना दिला. भोकांचं झाकण तेवढं मागे राहिलं. गिरिजाने ते तसल्याच दुसऱ्या डब्याला लावलं आणि वजा मात्र पाठ असलेले चाळीसच केले. नवा डबा चौदा ग्रॅमने हलका होता.

सगळे गराजमध्ये धावले. चकली जुन्या डब्यात बसली. काटा डुलला, डुलला आणि थांबला. एकशे एक्केचाळीस. वजा चाळीस. एकशे एक!

"आई, शी कॅन स्टे!"

"राहू दे बाई," आई म्हणाली आणि तिने डोळे पुसले. मग एकदम दचकून तिने मावशींकडे पाहिलं.

"म्हणजे मी उसळ सापाच्या डब्यातून खाल्ली?" रत्नामावशींनी विचारलं. "तरीच म्हटलं, प्रतिमाच्या उसळीला यंदा एवढी चव कुठून आली!" आणि त्या अशा हसल्या की माझा काटासुद्धा हलायला लागला.

मित्रांनो, या गोष्टीला आता चार वर्षं झाली. चकली एवढी मोठी झाली आहे की तिला बुटांचं खोकं लागतं. तुम्हीही काटा घ्याल तेव्हा झगमगाट पाहू नका, चार नाणी ठेवून पाहा. आणि आकडा मनासारखा आला नाही, तर जुन्या तराजूवर राग काढण्याआधी डबा उलटा करून बघा.

त्या दसऱ्याच्या दिवशी आई पूजेचं ताट घेऊन गाडीला आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहत होती. शेवटी ती माझ्यापाशी आली. मला कुंकू लावलं आणि तबकात एक झेंडूचं फूल ठेवलं. आजवर माझ्या तबकात जे जे आलं, ते जोखायलाच आलं होतं. ते फूल कुणीच जोखलं नाही.